स्थानिक नाव

नोंदवहीत रकाना आहे दोन बोटं रुंद,
छापील: स्थानिक नाव.
त्याच्या आधीचा, शास्त्रीय नावाचा,
मी गडहिंग्लजलाच भरून ठेवला होता
सरळ, वळणदार अक्षरात: डोडोनिया व्हिस्कोसा.

सामानगडाचा उतार. मार्च सरत आलेला.
गवत कधीच पिवळं होऊन बसलेलं
आणि हे एवढंच झुडूप हिरवं,
जणू सकाळीच कोणी
पानापानाला वॉर्निश मारून गेलंय.
चिमटीत धरलं तर सुटताना बोट
जरा वेळ घेतं.

पुस्तकात मराठी नाव दिलं होतं, जखमी.
वाचून दाखवलं तसा बिराप्पा
काठीवर हनुवटी टेकून हसला.
"जखमी? कोण, ही?
गेल्या साली खिंडीत माझा घोटा मुरगाळला.
हिचाच पाला गरम करून बांधला, फडक्यानं आवळला,
नवव्या दिवशी मेंढरामागं.
जखमी मी हुतो, गुरुजी.
नाव उलटं लागलंय तुमच्या पुस्तकात."
आणि मेंढरं खातात का?
"तोंड लावत न्हाईत. वास घेत्यात, फुडं जात्यात.
शानी हाईत.
आमी बंदरगी म्हणतो. लिवा."

लिहिलं. रकाना निम्मा संपला.

खालच्या वाडीत एकानं सांगितलं, कुपाटी.
कुंपणाला लावतात म्हणून.
मी म्हणालो, हे कामाचं नाव झालं.
तो म्हणाला, "मग मला गाव डायवर म्हणतंय
ते काय हाय?"

शाळेमागची पोरं चिकटी म्हणतात.
तीन पंखांची तांबूस कागदी फळं
त्यांच्या दुकानात पैसे म्हणून चालतात,
सुट्टे नसले की पंख मोडून देतात.

एक म्हातारा ठासून म्हणाला, डिकेमाली.
ते चुकलंच.
डिकेमालीच्या कोंबाच्या टोकाला
पिवळा थेंब येऊन गोठतो, आणि वास असा
की दात येताना ज्याला चाटवली
त्याला सत्तरीतही ओळखू यावा.
पण खोडायला मन होईना.
दोघींचेही हात चिकट.

उतरणीला मोळी टेकवून
लक्ष्मीबाई दम खात बसल्या होत्या.
"ओली असली तरी पेटती ही.
चुलीत चरबी पडल्यागत तडतडती."
नाव?
"बंदरकी."
गी की की, नक्की काय, मी पेन थांबवून विचारलं.
"माझ्या माहेरात की. हुक्केरीकडं.
तिकडं मला निंगव्वा म्हणायची.
हिकडं आले, तांदळात बोटानं लक्ष्मी लिवलं,
रेशनकार्डावर बी त्येच.
झाडाला कुणी तांदळाफुडं बसवलं न्हाई."
मग मोळी डोक्यावर घेतली.
मी हात लावायला उठेपर्यंत
ती निघालीसुद्धा.

कोल्हापुरात कचेरीत वही दिली.
बाईंनी उघडली तर शेहेचाळीसावं पान
सत्तेचाळीसाव्याला घट्ट बसलेलं.
नमुना म्हणून ठेवलेली डहाळी
एसटीच्या खिडकीशी, उन्हात,
कागल येईस्तोवर पाझरली असणार.
पट्टी सारून सोडवलं. कागदाचा पापुद्राही निघाला.
रकान्याच्या जागी पिवळट तेलकट डाग,
वर धरला की पलीकडची ट्यूबलाइट दिसावी असा.

"इथं काय होतं?"
मी सगळी सांगितली. डिकेमालीसकट.
"एकच लिहा. पुढं कॉम्प्युटरला एकच बसतं."

पेन उघडलं.
डागावर शाई धरेना, निब नुसती घसरायची.
बंदरगी लिहायला गेलो होतो,
हातून आधी निं गेला.
तोही उमटला नाही.